नटबिट

माझे आजोबा कंपाउंडर होते. शनिवार पेठेतल्या एका दवाखान्यात, लाकडी पार्टिशनमागे. पार्टिशनला एक चौकोनी खिडकी होती. तिच्यातून पेशंटची रिकामी बाटली आत जायची आणि भरलेली बाहेर यायची. दवाखान्यापुढे चार पावलांचं अंगण, त्याला दगडी भिंत. भिंतीला सगळे कंपाउंड म्हणायचे. मी तेव्हा पाचेक वर्षांची असेन आणि माझा हिशेब अगदी सरळ होता: कंपाउंडची राखण करतो तो कंपाउंडर. संध्याकाळी दवाखाना बंद करताना आजोबा फाटकाला कडी घालायचे, तेव्हा तर माझी खात्रीच पटायची. बाटल्या भरणं हे त्यांचं वरकड काम असावं.

ही दोन कंपाउंडं एकमेकांची कोणीच लागत नाहीत, हे पुढे कित्येक वर्षांनी डिक्शनरी चाळताना कळलं. भिंतीचं कंपाउंड बहुधा मलाय भाषेतल्या ‘कंपुंग’वरून आलेलं. कंपुंग म्हणजे वाडी, वस्ती. पोर्तुगीज नाहीतर डच व्यापाऱ्यांच्या तोंडून ते इंग्रजीत शिरलं आणि साहेबाच्या बंगल्याभोवती जाऊन उभं राहिलं. आजोबांचं कंपाउंड लॅटिन. ‘कोम’ म्हणजे एकत्र, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. चार गोष्टी एकत्र ठेवतो तो कंपाउंडर.

आणि आजोबा खरोखरच ठेवत असत. मापाच्या काचेच्या भांड्यात आधी एका बरणीतलं, मग दुसरीतलं, मग पाणी. कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं तिला खाचा पाडायच्या, उलगडून ती बाटलीला चिकटवायची. एक खाच, एक डोस. बाटली खिडकीतून बाहेर सरकवताना प्रत्येकाला तेच सांगायचं, “हलवून घ्या हं.” गंमत अशी, की या कंपाउंडरनं केलेलं औषध कंपाउंड नव्हतंच. ते मिक्श्चर होतं. रात्रभर ठेवलं की तळाशी पांढरा गाळ आणि वर गुलाबी पाणी. कंपाउंड असतं तर हलवायला कशाला लागलं असतं?

मी भाषांतरं करते. कथा-कादंबऱ्यांची नव्हे, खोक्यात वस्तूबरोबर जे घडी घातलेलं पत्रक येतं त्यांची. ‘उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये’ हे वाक्य तुम्ही कुठे वाचलं असेल तर ते माझं असण्याची बरीच शक्यता आहे. (वाचलं नसेल तर तेही समजू शकते. पत्रक कोण वाचतं?) मागच्या महिन्यात भिंतीवर ठोकायच्या पुस्तकांच्या मांडणीचं पत्रक आलं. पहिलंच वाक्य: ‘धिस किट कम्प्राइझेस फोर्टीन कंपोनंट्स.’ पुढच्या दीड पानात पार्ट, युनिट, मॉड्यूल, सेट, असेंब्ली, सबअसेंब्ली. एवढी माणसं एका मांडणीत राहतात हे मला माहीत नव्हतं. मराठीत यांना वेगवेगळी नावं द्यायची होती आणि माझ्याकडे होते दोन शब्द, ‘भाग’ आणि ‘संच’.

बाबा कॉटवर पेपर वाचत होते. पिंपरीतल्या एका कंपनीत चौतीस वर्षं असेंब्लीला काढलेला माणूस घरात असताना कोश कशाला उघडा?

“बाबा, पार्ट आणि कंपोनंट यात फरक काय?”

“कंपोनंट ऑफिसात असतो. शॉपवर आला की पार्ट.”

“आणि मशीनवर लावला की?”

“जॉब.”

“मग असेंब्ली म्हणजे?”

“पार्ट पार्टात बसला की असेंब्ली. नाही बसला की मीटिंग.”

त्यांनी पेपरचं पान उलटलं. म्हणजे कोश मिटला.

मला मात्र चैन पडेना. एकेका शब्दाचं घराणं शोधत बसले, आणि पत्रक बाजूला राहिलं. भाषांतर करणाऱ्यांना ही खोड असते, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. कंपोनंट हा आजोबांच्याच कुळातला, कंपाउंडचा सख्खा भाऊ. कंपोझिट आणि कंपोझिटर हेही त्याच घरचे. नारायण पेठेतल्या छापखान्यांत खणांच्या पेटीतून, म्हणजे केसमधून, अक्षरांचे शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवणारी माणसं होती, त्यांना मराठीत खिळे जुळारी असा झकास शब्द होता. दोन गल्ल्या पलीकडे आजोबा औषध जुळवत होते. आणि याच घरातला शेवटचा भाऊ म्हणजे कंपोस्ट. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा खड्डा कोणाच्या खिडकीखाली असावा यावर तीन सभा झाल्या, तेव्हा मला हे माहीत असतं तर मी उठून सांगितलं असतं की बाबांनो, हा शब्द मूळचा ‘एकत्र ठेवलेलं’ असा आहे. कोणी ऐकलं नसतं ते सोडा.

‘किट’ डच. लाकडाच्या पट्ट्या कड्यांनी आवळून केलेलं भांडं म्हणजे ‘किट्टे’. आधी भांडं, मग भांड्यात भरलेलं सामान, मग नुसतंच सामान. ‘सेट’ची कथा आणखी मजेशीर. ठेवणं या अर्थाचा सेट अस्सल इंग्रजी आहे. पण चहाच्या कपबशांचा सेट जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे उभा आहे लॅटिन ‘सेक्टा’. म्हणजे पंथ! एका गुरूच्या मागे चालणारे. आमच्या घरी सहा कपांचा बोनचायनाचा सेट होता. त्यातला एक कप फुटल्यावर उरलेले पाच पाहुण्यांपुढे यायचे बंद झाले, शोकेसमध्ये उपडे पडून राहिले. पंथ मोडला की असंच होतं. मॉड्यूल म्हणजे छोटं माप. सगळ्या पुण्यात होर्डिंगवर मॉड्युलर किचन झळकत असतं, ते म्हणजे ‘मापातलं स्वयंपाकघर’. ते बसवणारी पोरं आतल्या खोक्याला ‘कारकस’ म्हणतात. मी एकदा विचारलं, कारकस म्हणजे काय रे? “सांगाडा, मॅडम.” बरोबर सांगितलं त्यानं. इंग्रजीत कारकस म्हणजे खाटकाकडे टांगलेलं सोललेलं धूड. गॅसच्या ओट्याखाली ते आहे हे एकदा कळल्यावर ड्रॉवर उघडताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

याच सुमारास माझी भाची आली. नववीत आहे, सेमी इंग्रजीत. म्हणजे विज्ञान-गणित इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून. तिचा प्रश्न माझ्याहून अवघड निघाला.

“मावशी, कंपाउंडला मराठीत नक्की काय म्हणायचं? कंपाउंड सेंटेन्स म्हणजे संयुक्त वाक्य. मग केमिस्ट्रीतलं कंपाउंड संयुक्त का नाही? कंपाउंड इंटरेस्ट संयुक्त व्याज का नाही? आणि कंपोझिट नंबर कंपाउंड नसून संयुक्त कसा?”

मी कागद घेतला. कंपाउंड वाक्य संयुक्त. कंपाउंड पदार्थ संयुग. कंपाउंड व्याज चक्रवाढ. कंपाउंड शब्द सामासिक. कंपोझिट संख्या संयुक्त. कॉम्प्लेक्स वाक्य मिश्र, पण कॉम्प्लेक्स संख्या संमिश्र. मिक्श्चर म्हणजे मिश्रण. इंग्रजीनं एका खुंटीवर पाच शर्ट टांगलेत आणि मराठीनं एका शर्टाला तीन खुंट्या दिल्यात. परिभाषा करणाऱ्या समित्यांना नावं ठेवायची पुण्यात जुनी रीत आहे, मीही ठेवते. पण ‘संयुग’पाशी थांबले. ज्यानं कोणी हा शब्द केला त्याला दाद दिली पाहिजे. यातला ‘युग’ म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. संस्कृत युग, मराठी जू, इंग्रजी योक, तिन्ही एकाच मुळाचे. ज्येष्ठात पालखी पुण्यात येते तेव्हा रथापुढची बैलजोडी भाचीनं लहानपणापासून पाहिलेली आहे. तिला म्हटलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन नुसते शेजारी उभे असतील तर मिश्रण. जू चढलं, आता एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे जाऊ शकत नाही, की संयुग. मग रथ चालतो, पाणी होतं.

“हे पेपरात लिहू?”

“नको.”

कॉम्प्लेक्स आणि कॉम्प्लिकेटेड मात्र मी तिला निगुतीनं सांगितले, कारण ते मला स्वतःला आवडतात. कॉम्प्लेक्सच्या मुळाशी आहे विणणं, गुंफणं. कॉम्प्लिकेटेडच्या मुळाशी घड्या घालणं. एक वेणी, दुसऱ्या निऱ्या. वेणीत तीन पेड असतात आणि ते मोजता येतात. निऱ्यांत एकच कापड असतं, तरी नवख्या बाईला घाम फुटतो. गोष्ट पुष्कळ भागांची असली म्हणजेच अवघड होते असं नाही, एकच गोष्ट स्वतःवरच घड्या घालत बसली तरी होते. (आमच्या सोसायटीच्या उपविधींबद्दल मी हे बोलत नाहीये.)

तिच्याशी बोलता बोलताच आणखी एक सापडलं आणि मी उडालेच. सिंथेटिक. आईच्या तोंडी ‘सिंथेटिक साडी’ म्हणजे शिवीच होती, लग्नात कोणी आहेर केला तर ती परस्पर पुढे सरकवली जायची. ग्रीक ‘सिन’ म्हणजे एकत्र, आणि ‘थेसिस’मध्ये ठेवण्याचा धातू. तोच धातू संस्कृतात ‘धा’. सम् आणि धा मिळून संधी, आणि त्यातूनच संहिता. म्हणजे ऋग्वेदाची संहिता आणि आईची सिंथेटिक साडी शब्दशः एकाच पद्धतीनं झालेली आहे. संस्कृत या शब्दाचा अर्थही ‘नीट जुळवून केलेलं’ असाच. आपण ज्याला मूळ, शुद्ध म्हणतो त्याच्या नावातच जोडकाम निघावं, हे मला फार आवडलं. आई असती तर म्हणाली असती, जोडकाम असू दे, पण ती साडी घामाची किती चिकटायची ते तुझ्या धातूला विचार.

आमचा सदाशिव पेठेतला वाडा पडला त्या वर्षी आजोबाही गेले. वाड्याला भाग किती, हे तिथे राहणाऱ्या कोणालाही पटकन सांगता आलं नसतं. चौक, ओसरी, सोपा, माजघर, माडी, माडीवरची बिऱ्हाडं, जिन्याखालची एक खोली जिच्यात एक कायमचा विद्यार्थी राहायचा. नळ एक. तिथे उभी राहिली ती इमारत म्हणजे अपार्टमेंट. हा शब्द इटालियन आणि त्याचा अर्थच वेगळं काढणं, बाजूला करणं. नाव खरं बोललं. माझी बहीण सिंहगड रस्त्याला राहते ते कॉम्प्लेक्स, म्हणजे वेणी. तीन विंग आहेत, पण एका विंगेतल्या माणसाला दुसरीतल्याचं नाव माहीत नाही. नाव खोटं बोललं. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा घरात दीड वर्ष भांडणं झाली. मोठे काका संस्कृतचे मास्तर. एकदा वैतागून म्हणाले, “समास सोडवण्याला विग्रह म्हणतात, आणि युद्धालाही विग्रहच म्हणतात. व्याकरण लिहिणाऱ्याच्या घरी वाटण्या झाल्या असणार.” देवाच्या मूर्तीलाही विग्रह म्हणतात, हे मात्र ते बोलले नाहीत. देव्हारा कोणाकडे जायचा हे तेव्हा ठरायचं होतं.

असो. पत्रक अजून पहिल्याच वाक्यावर होतं.

अडचण किट किंवा कंपोनंटची नव्हती, ती ‘कम्प्राइझेस’ची होती. इंग्रजीचे कडक मास्तर या क्रियापदाबद्दल फार हळवे असतात. पूर्ण वस्तू आधी, भाग नंतर. ‘इज कम्प्राइझ्ड ऑफ’ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी. आणि मुख्य म्हणजे यादी पुरी हवी. चारच भाग सांगून बाकीचे गाळायचे असतील तर ‘इन्क्लूड्स’ म्हणा, ‘कम्प्राइझेस’ म्हणजे एवढेच, याबाहेर काही नाही. शब्दाच्या मुळाशीही मुठीत पकडणं आहे. मूठ मिटली, मोजून चौदा.

मराठीत असं मूठ मिटणारं काय आहे? ‘समावेश होतो’ म्हटलं तर आणखीही काही असू शकतं. ‘मिळून’ म्हणावं, तर हे भाग आपण होऊन एकमेकांना येऊन मिळाले असं वाटतं. आपलं व्याकरणच यादी पुरी करण्याच्या विरुद्ध आहे अशी मला शंका येऊ लागली. समाहार द्वंद्व आठवतोय शाळेतला? मीठभाकर, भाजीपाला, चहापाणी. पदं दोन, पण त्यांत न सांगितलेल्या गोष्टीही धरायच्या. कोणी चहापाण्याला बोलावलं आणि समोर खरंच नुसता चहा आणि पाणी आलं, तर आपण घरी येऊन काय बोलू? त्यात बिस्किटं आहेत, चिवडा आहे, ‘आता जेवूनच जा’ आहे. सरकारी कचेरीत तर चहापाण्यात चहाही नसतो आणि पाणीही नसतं. अंथरूण-पांघरुणात उशी आहे, ती वेगळी सांगावी लागत नाही. एवढं करूनही भागलं नाही म्हणून आपण ‘बिट’ काढलं. पुस्तकबिस्तक, कपाटबिपाट, लग्नबिग्न. पहिला अर्धा शब्द मोजलेला, दुसरा अर्धा उघडा ठेवलेला.

बाबांना ते वाक्य वाचून दाखवलं. म्हटलं, ‘या संचात १४ सुटे भाग आहेत’ असं केलंय.

“स्क्रू धरून?”

मी पत्रक पाहिलं. स्क्रू वेगळे होते, छोट्या पिशवीत, चौदात न धरलेले.

“मग चौदा कसे? लिही, चौदा पार्ट आणि नटबिट.”

मी ‘१४ सुटे भाग आणि जोडणीचे साहित्य’ असं लिहून पाठवलं. तिकडच्या तपासनिसानं ‘सुटे भाग’ खोडून ‘घटक’ केलं आणि ‘जोडणीचे साहित्य’ काढून टाकलं. शेरा: मुळात नाही. घटक हा शब्द वाईट आहे असं नाही. पण लाकडी फळीला घटक म्हटलं की ती समाजाचा दुर्बल घटक असल्यासारखी केविलवाणी दिसायला लागते.

बाबांचा रविवारचा उद्योग म्हणजे घरातली एखादी वस्तू खोलणं. खाली पेपर पसरायचा, शेजारी पक्कड, पाने, जुना टूथब्रश. निघेल तो भाग निघाल्या क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडत जायचा. जोडताना उजवीकडून डावीकडे उचलत यायचं. इतकी शिस्त असूनही शेवटी काहीतरी उरतंच. एक वायसर, एक चेकनट, आटे गेलेला एक स्क्रू. वस्तू मात्र चालू होते. “कंपनीत असं उरलं असतं तर लाइन थांबली असती,” ते म्हणतात, आणि उरलेलं उचलून बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकतात.

तो डबा पाहिला की मला भांडारकर संस्था आठवते. १९१७ साली ती सुरू झाली आणि १९१९ पासून तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. देशभरातून मिळालेली १२५९ हस्तलिखितं, काश्मिरी, बंगाली, मल्याळी, निरनिराळ्या लिप्यांतली. त्यांतली वाक्यंच्या वाक्यं खोलायची, शेजारी शेजारी मांडायची, कुठला भाग जुना आणि कुठला मागून बसवलेला ते ठरवायचं आणि पुन्हा जोडायचं. हे काम १९६६ साली पुरं झालं, १९ खंड भरले. संपादक सुकथनकरांसारख्या माणसांनी त्यात उभी हयात घातली. आणि त्यांच्याही पेपरवर शेवटी उरलंच. जे मूळ संहितेत बसलं नाही ते त्यांनी फेकलं नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवलं. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही गोष्टसुद्धा अशीच बाहेर निघाली. आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे ती. ज्या गावात भाद्रपदात चौकाचौकात गणपती बसतो, त्याच गावात बसून विद्वानांनी त्याला परिशिष्टात नेऊन बसवलं, आणि गावानंही काही म्हटलं नाही.

मागच्या रविवारी मिक्सर खोलला होता. भाची शेजारी बसून प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढत होती, म्हणजे यंदा काही उरायला नको. जोडायला घेतलं आणि उरलं नाही, कमी पडलं. खालच्या रबरी पायाचा एक स्क्रू कुठेच सापडेना. कॉटखाली पाहिलं, झाडूनं ओढलं, फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. फोटोत चार स्क्रू होते, पेपरवर तीन.

बाबांनी डबा आणायला सांगितला. भाचीनं तो पहिल्यांदाच उघडलेला पाहिला. ल्यूनाचा प्लग, सायकलचे छर्रे, घड्याळाची चावी, पडद्याची कडी, आजोबांच्या मोजपात्राचा तळाकडचा तुकडा, पेन्सिलीची टोपणं आणि चाळीस वर्षांतले स्क्रू.

“आजोबा, हा कशाचा सेट आहे?”

“सेट कसला? उरलेलं आहे.”

“मग याला म्हणतात काय?”

बाबांनी बोटानं ढवळत तीन-चार स्क्रू तळहातावर घेतले, एकेक भोकाला लावून पाहिला. तिसरा बसला. डोकं जरा वेगळं होतं, चौकटीचं, बाकीचे तीन चपटे. त्यांनी पिळून घट्ट केला, मिक्सर सरळ केला, हलवून पाहिला. डुगडुगत नव्हता.

“डबा म्हणतात,” ते म्हणाले. “झाकण लाव नीट, वाकडं बसतं ते.”